गुरू कोणाला म्हणावं? पाचव्या दशकाची दोन उत्तरं

रायगडच्या किनारपट्टीवर दासबोध वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे कितीतरी जास्त आहेत. मांडव्यापासून मुरुडपर्यंत कुठल्याही गावात विचारा, घरातलं कोणी ना कोणी ‘बैठकीला’ जात असतं. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ साली मुंबईत गोरेगावला पहिली बैठक घेतली. पुढे समर्थांच्या ग्रंथावरचं निरूपण अशा आगरी, कोळी, कुणबी घरांत पोचलं, जिथे तोवर पोथी म्हणजे भटजी येऊन सांगतील ती सत्यनारायणाची कथा. किती घरांतली दारू त्यानंतर सुटली, हे कोणाला हसण्यावारी न्यायचं असेल तर त्याने आधी आमच्याकडच्या बायकांना विचारावं. माझी आई बैठकीला जाते. आत्या तिच्याही आधीपासून जाते. मी जात नाही, पण दासबोध वाचला आहे, आणि हा लेख त्या ग्रंथातल्या दोन समासांबद्दल आहे.

ऐकण्यात आणि वाचण्यात एक फरक असतो. निरूपणकार वाट दाखवतो. कुठे थांबायचं आणि कुठून पटकन पुढे जायचं हे तो ठरवतो. मी दासबोध फोनवर वाचला, ऑफिसच्या बसमध्ये, जवळजवळ दीड वर्ष. २० दशक, २०० समास, साडेसात हजारांवर ओव्या. कोणी सांगणारा नसल्यामुळे जिथे अडलो तिथे अडून राहिलो. सगळ्यात जास्त अडलो तो पाचव्या दशकाच्या सुरुवातीला.

पहिल्या समासाचं नाव ‘गुरुनिश्चय’, दुसऱ्याचं ‘गुरुलक्षण’. म्हणजे आधी गुरू कोणाला करायचं ते ठरवा आणि मग त्याला ओळखायचं कसं ते पाहा. क्रम अगदी व्यवस्थित वाटतो. पण पहिल्या समासात सद्गुरूला वंदन वगैरे होऊन विषयाला हात घातला जातो तो अशा विधानाने, की सगळ्यांचा गुरू ब्राह्मण. तो आचाराने उणा असला तरी अनन्यभावाने शरण जायचं ते त्यालाच. पुढे ब्राह्मणाचं माहात्म्य येतं, देवसुद्धा त्याला वंदन करतात हे येतं. आणि अंत्यजाचा उल्लेख येतो: तो शब्दज्ञानात चांगला असेलही, पण त्याला घेऊन काय करायचं, ब्राह्मणाच्या शेजारी बसवून त्याची पूजा थोडीच होणार आहे!

हे वाचून मी दोन-तीन जाणत्या माणसांना विचारलं. दोन उत्तरं मिळाली, आणि ही दोन उत्तरं तुम्हालाही कुठे ना कुठे मिळाली असतील.

पहिलं उत्तर: इथे ब्राह्मण म्हणजे जातीने ब्राह्मण नाही, ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण. ऐकायला सुंदर आहे. पण ओवी ते ऐकू देत नाही. ब्रह्म जाणणारा असा अर्थ धरला, तर ‘तो आचाराने उणा असला तरी’ ही सवलत कोणासाठी? गुणावरून ब्राह्मण ठरत असेल तर गुण कमी पडल्यावर तो ब्राह्मण उरायला नको. गुण नसतानाही जे शिल्लक राहतं ते जन्माशिवाय दुसरं काय असणार? शिवाय लगेच मागून अंत्यज येतो, आणि त्याच्याकडे ज्ञान आहे हे कबूल करूनच त्याला बाजूला केलं जातं. म्हणजे एकाला गुण नसूनही जागा आणि दुसऱ्याला गुण असूनही नाही. शब्दाचा अर्थ कितीही ताणला तरी ही जोडी सुटत नाही.

दुसरं उत्तर: तो काळच तसा होता. याच्याकडे नंतर येतो, कारण त्याच काळातली एक बाई याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं देते.

आता दुसरा समास. खरं सांगायचं तर हा समास मला दासबोधातल्या सगळ्यात तल्लख लिखाणापैकी वाटतो. पहिल्यानंतर लगेच वाचला की आपण दुसऱ्याच माणसाचं पुस्तक उघडलं की काय असं वाटतं. सुरुवात चमत्कारांपासून होते. करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. मंत्र देणारे, तोडगे सांगणारे, कला शिकवणारे, सगळे आपापल्या जागी गुरूच. त्यांचा अपमान न करता समर्थ त्यांना एका बाजूला उभं करतात. मग येतात शिष्याच्या आवडीचं बोलणारे आणि शिष्याच्या पैशाकडे डोळा ठेवणारे. इथे वैद्याची उपमा आहे. घर धुऊन नेईल एवढे पैसे घेऊन वर रोग्याची भीड धरणारा, त्याला पथ्य सांगायला कचरणारा वैद्य जसा घातकी, तसा हा गुरू. आणि जो शिष्याकडून साधना करून घेत नाही, त्याला इंद्रियं आवरायला लावत नाही, असे गुरू एका क्षुल्लक नाण्याला तीनच्या भावाने मिळाले तरी टाकून द्यावेत, असं हा ग्रंथ सांगतो. भाव काढून दाखवणारा संत मराठीत दुसरा कोणी असेल तर मला वाचायला आवडेल.

मग खऱ्या सद्गुरूची लक्षणं. निर्मळ ज्ञान हवं. त्या ज्ञानाने आलेलं समाधान हवं. त्यावर वैराग्य हवं, वागणूक स्वच्छ हवी, श्रवण आणि निरूपण अखंड चालू हवं. नुसतं ज्ञान असून भागत नाही, कारण ज्ञान सांगणारा स्वतः मोकाट वागला तर ऐकणारे त्याचं वागणं उचलतात आणि ज्ञान राहून जातं. हे निरीक्षण कोणत्याही शतकात खरं आहे. रील्सवर साठ सेकंदांत मनःशांती देणाऱ्यांपैकी कोणालाही या समासातून काढून बघा. मी काढून पाहिलं आहे. पहिल्या चार-पाच ओव्यांतच बरेचसे गळतात, आणि उरलेले वैद्याच्या उपमेपाशी अडकतात.

गंमत म्हणजे या लक्षणांच्या यादीत जात नाही. म्हणजे उघड नाही. ‘स्वधर्म’ हा शब्द मात्र आहे, आणि सतराव्या शतकात स्वधर्म म्हणजे ज्याचं त्याचं वर्णाने ठरलेलं काम, हे विसरून चालत नाही. एवढ्या फटीतून पहिला समास दुसऱ्यात डोकावतो. तरीही ही फट सोडली तर गुरुलक्षणाची कसोटी कोणालाही लावता येते आणि कोणीही तिला उतरू शकतो. माझ्या कामात असं होतं की स्पेसिफिकेशनच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की प्रवेश अमुक गटालाच द्या, आणि दुसऱ्या पानावर प्रवेशासाठीच्या दहा अटी असतात ज्यांत त्या गटाचं नावही नसतं. दोन्ही पानं एकाच माणसाने लिहिलेली असतात. मग कोड लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं की पहिलं पान आधी तपासायचं की दुसरं. पहिलं आधी तपासलं तर दुसऱ्या पानापर्यंत बहुतेकांची पाळीच येत नाही.

समासाच्या शेवटाकडे गुरूंची एक लांब यादी आहे. कुळगुरू आहे, आई-वडील आहेत, ज्या त्या धंद्यातला शिकवणारा आहे. त्यात एक स्वप्नगुरूही आहे, स्वप्नात येऊन उपदेश देणारा. अशा गुरूंना अंत नाही, पण मोक्ष देणारा सद्गुरू वेगळाच, असं म्हणून ग्रंथ पुढे जातो. त्या यादीतल्या एका शब्दावरून मी मात्र थेट बहिणाबाईंकडे गेलो.

बहिणाबाई म्हणजे जळगावच्या चौधरी नव्हेत. या संत बहिणाबाई, १६२८ ते १७००. समर्थ १६०८ ते १६८१. म्हणजे काळ तोच, राज्य तेच, पाऊसपाणी तेच. ब्राह्मण घरात जन्म, तीन वर्षांची असताना तीस वर्षांच्या भिक्षुकाशी लग्न. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले आणि त्यांचा ध्यास घेतला. तुकोबा देहूला, ही कोल्हापुरात, भेट होणं अशक्य. तुकोबांनी तिला स्वप्नात येऊन उपदेश दिला, असं ती स्वतः लिहिते. (तुकोबांनाही त्यांचा गुरूपदेश बाबाजींकडून स्वप्नातच मिळाला होता.) ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू केलं म्हणून नवरा खवळला. त्याने मारहाण केली, घर सोडून निघायची तयारी केली, मग आजारी पडला आणि आजारपणात बदलला. पुढे हे कुटुंब देहूला गेलं, तर तिथे मंबाजी गोसावी म्हणाला, मला गुरू करा. हिने सांगितलं, गुरू झाला आहे. त्याने छळ तर केलाच, शिवाय पुण्याच्या आपाजी गोसाव्याला पत्र लिहून तक्रार केली की इथे ब्राह्मण शूद्राच्या पाया पडतायत. त्या काळातली ही लेखी तक्रार मला फार मोलाची वाटते. ‘काळच तसा होता’ म्हणणाऱ्यांनी ती वाचावी. काळ तसा होताच, म्हणून तर मंबाजीने पत्र लिहिलं. पण त्याच काळात पत्रात तक्रार करण्याजोगं काहीतरी घडतही होतं.

बहिणाबाई एवढ्यावर थांबली नाही. जन्माने ब्राह्मण ठरतो का, शरीराने, विद्येने की कर्माने, असा एकेक पर्याय घेऊन खोडत जाणारा ‘वज्रसूची’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, परंपरेने तो अश्वघोषाच्या नावावर आहे. बहिणाबाईने तो युक्तिवाद मराठी अभंगांत आणला. ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण हे जे उत्तर आज आपल्याला दासबोधाच्या वतीने दिलं जातं, ते खरं म्हणजे तिचं आहे. तिने ते सिद्ध केलं, पायरीपायरीने, आणि त्याची किंमत घरात मोजली. ते उत्तर पाचव्या दशकाच्या पहिल्या समासाला उसनं देऊन टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि समर्थांवरही, कारण त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी स्पष्ट म्हटलेलं आहे.

किती स्पष्ट, ते चौदाव्या दशकात कळतं. सातवा समास ‘युगधर्मनिरूपण’. तिथे समर्थ आजूबाजूच्या बदलाबद्दल खंत करतात. लोक पिराला भजायला लागले. खालचे मानलेले लोक गुरूपदावर जाऊन बसले आणि आचार बुडाला. ब्राह्मणांनी बुद्धी आणि आचार दोन्ही घालवले आणि ज्यांना शिकवायचं त्यांच्याच पायाशी जाऊन बसले. हा समास मला राग न येता वाचता येतो, त्याचं कारण असं की तो न कळत साक्ष देतो. महाराष्ट्रातली माणसं तेव्हाच जात ओलांडून गुरू निवडत होती, आणि तेही दोन-चार नव्हे, तर एका मोठ्या कवीला त्याची युगाच्या लक्षणांत नोंद करावी लागावी इतकी. मंबाजीच्या पत्रातला आणि या समासातला सूर जवळचा आहे. फरक एवढाच की मंबाजी सूडाने लिहितो आणि समर्थ दुःखाने.

आता समर्थांनी स्वतः काय केलं ते पाहू, कारण माणूस ग्रंथापेक्षा मोठा निघाला तर ते सांगायला हवं. वेणाबाई बालविधवा होती. त्या काळी विधवेचं तोंड सकाळी दिसू नये अशी समजूत. समर्थांनी तिला शिष्य केलं, लोकांपुढे उभं राहून कीर्तन करायची परवानगी दिली आणि मिरजेचा मठ तिच्या हाती सोपवला. मठ चालवणं म्हणजे हिशेब, शिष्य, उपदेश सगळं आलं. पाचव्या दशकाच्या पहिल्या समासाचं दार तिला उघडत नाही. दुसऱ्या समासाच्या कसोटीवर मात्र ती उतरली असणार, नाहीतर समर्थांसारख्या काटेकोर माणसाने तिला मठ दिला नसता. म्हणजे माणूस पारखायची वेळ आली तेव्हा खुद्द लेखकाने दुसरं पान आधी तपासलं. निदान एका बाईच्या बाबतीत. जातीच्या बाबतीत तेवढी मोकळीक मला त्यांच्याकडे दिसत नाही, आणि वेणाबाईचं नाव पुढे करून पहिल्या समासावर पांघरूण घालणंही मला पटत नाही.

दासबोधाचं लेखन जिथे झालं असं परंपरा मानते ती शिवथरघळ रायगड जिल्ह्यातच, महाड तालुक्यात आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ती शोधून काढली. त्याच तालुक्यात, सावित्रीच्या काठच्या महाड गावात, त्याआधी तीनच वर्षं, २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि २५ डिसेंबर १९२७ला मनुस्मृती जाळली गेली. वेद तिन्ही वर्णांनी शिकावा पण शिकवावा ब्राह्मणानेच, हे त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाच्या पहिल्या श्लोकात आहे. आमच्याकडे पावसाळ्यात घळीचा धबधबा बघायला ज्या गाड्या जातात, त्यातल्या बऱ्याच महाडमधूनच जातात. तळ्यावर किती थांबतात ते त्यांनाच ठाऊक.

बाबासाहेबांनी पुढे १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये एक अगदी व्यवहारी सूचना केली. पुरोहितपण वंशाने मिळणं बंद करा, कोणाही हिंदूला परीक्षा देऊ द्या, पास होईल त्याला सनद द्या, आणि सनद नसताना विधी करणं गुन्हा ठरवा. हे पुरोहिताबद्दल आहे, गुरूबद्दल नाही. भटजी आणि सद्गुरू यांत फरक आहे, आणि तो दासबोधालाही मान्य आहे. परीक्षा पास होऊन कोणी ब्रह्मज्ञानी होत नाही. इंजिनियरिंगच्या परीक्षा पास होऊन कोणी इंजिनियर होतो का, याचीच मला शंका आहे. पण परीक्षेत एक गोष्ट असते: फॉर्म कोणीही भरू शकतो. गुरुलक्षणाचा समास वाचताना मला पुन्हा पुन्हा हे आठवत राहिलं. लक्षणं ही परीक्षाच आहे, आणि बाबासाहेबांनी स्वतःचे गुरू सांगितले ते बुद्ध, कबीर आणि फुले. एक क्षत्रिय, एक विणकर, एक माळी. ‘गुरुनिश्चया’त तिघेही नापास.

मग रेवदंड्याकडे परत. बैठकीने एक मोठं काम मुकाट्याने करून टाकलं आहे असं मला वाटतं. ज्या ग्रंथात सगळ्यांचा गुरू ब्राह्मण असं लिहिलं आहे, त्या ग्रंथाचं निरूपण गावोगाव संसारी, नोकरी-धंदा करणारी साधी माणसं करतात आणि साधी माणसं ऐकतात. आगऱ्याच्या तोंडून दासबोध ऐकताना पहिल्या समासातली अट तिथल्या तिथे मोडलेली असते. कोणी जाहीर केलं नाही, ठराव केला नाही. मुकाट्याने झाल्यामुळे भांडण टळलं. पण ओवी पोथीत तशीच राहिली, आणि न बोललेली गोष्ट वेश बदलून परत येते. जातीने गुरू ठरवणं मागे पडलं, पण जन्माने ठरवणं पडलं का? नानासाहेबांनंतर त्यांचे पुत्र आप्पासाहेब, त्यांच्यासोबत पुढची पिढी. हे फक्त रेवदंड्याचं नाही. चाफळचा अधिकारसुद्धा पुढे समर्थांच्या थोरल्या बंधूंच्या वंशाकडे गेला, आणि वारकरी फडांत वंशपरंपरा चालतच आली आहे. मुलगा बापाइतका योग्य नसतो असं मला अजिबात म्हणायचं नाही, असूही शकतो. मला एवढंच विचारायचं आहे की तो योग्य आहे हे आपण दुसऱ्या समासाची लक्षणं लावून ठरवलं, की आडनाव पाहून दुसऱ्या समासापर्यंत गेलोच नाही?

हा प्रश्न पोथीपुरता नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात आप्पासाहेबांना महाराष्ट्र भूषण देण्याचा सरकारी सोहळा झाला. दुपारच्या उन्हात लाखो माणसं बसली होती, आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. आयोजनाची जबाबदारी कोणाची यावर तेव्हा खूप बोललं गेलं. तो वेगळा विषय आहे. माझ्या डोक्यात राहिलं ते त्या माणसांचं बसून राहणं. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. कोणावर तरी इतका विश्वास टाकता येतो, ही माणसाची फार मोठी ताकद आहे, आणि म्हणूनच तो विश्वास कोणावर टाकायचा हे सांगणारे समास नीट, पूर्ण, मोठ्याने वाचले जायला हवेत. अडचणीच्या ओव्या गाळून नाही, आणि त्यांना बहिणाबाईचा अर्थ उसना देऊनही नाही. पहिला समास वाचावा, इथे आमचं पटत नाही असं म्हणावं, आणि मग दुसरा वाचावा. त्याने समर्थ लहान होतात असं मला वाटत नाही. ज्याने गुरूला वैद्यासारखं पारखायला सांगितलं, त्याच्या ग्रंथालाही तीच पारख लागू आहे.

आत्याला मी मागच्या गणपतीत विचारलं होतं, पाचव्या दशकाच्या पहिल्या समासाचं निरूपण तू ऐकलंस तेव्हा त्या ओवीवर काय सांगितलं होतं? तिने मोदकाची पारी वळता वळता थोडा विचार केला. म्हणाली, “ती होती खरी. पण सद्गुरूवाचून ज्ञान नाही, ते पुढचं जास्त लक्षात राहिलं.” मग म्हणाली, “तू वाचून दाखव ना.” मी फोन काढून वाचून दाखवली. तिने पुन्हा एकदा वाचायला लावली. नंतर म्हणाली, “हे मी आमच्यात विचारीन.” आई म्हणाली, “गणपती होऊ देत, मग विचारा.”